मोटरवरचे पंख काढले तेव्हा

बोट आमच्याकडे आली तेव्हा तिच्या मोटरला काळ्या प्लास्टिकचे पंख होते. प्रोपेलरच्या वर मोटरच्या पायाला जी आडवी प्लेट असते, तिला चार बोल्टांनी डावीउजवीकडे पसरलेले हे पंख जोडलेले होते. हायड्रोफॉइल म्हणतात त्याला. आधीच्या मालकाने बोट दाखवताना सांगितलं होतं, "हे बसवल्यापासून मस्त चालते, काढू नका." मी मान डोलावली. बसवण्याआधी ती कशी चालत होती, हे मी विचारायला हवं होतं. ते विचारलं नाही, म्हणून पुढे चार महिने मी तेच उत्तर शोधत होतो.

बोट ४.३ मीटर लांब, फायबरग्लासची, तळाला उथळ व्ही. मोटर २० हॉर्सपॉवरची फोर-स्ट्रोक, हॅण्डलने चालवायची. मी मागच्या बाकावर उजवीकडे बसतो, डाव्या हातात हॅण्डल, आणि माझी भाची पुढे किंवा मधल्या बाकावर. ती सतरा वर्षांची आहे आणि पहिल्या दिवसापासून या बोटीत माझ्याइतकीच गुंतलेली आहे. या सगळ्या दुरुस्तीतल्या निम्म्या गोष्टी आधी तिच्या लक्षात आल्या.

दुसऱ्या हंगामाच्या सुरुवातीला त्या पंखांचा एक बोल्ट तुटला आणि डावा पंख खडखडू लागला. नवीन आणेपर्यंत थांबायचं नव्हतं म्हणून दोन्ही पंख काढले आणि तसेच पाण्यात गेलो. सकाळची वेळ होती, वारा अजिबात नव्हता. मी थ्रॉटल वाढवला, बोट आपल्या लाटेवर चढली, पाण्यावर सपाट झाली, आणि साधारण ताशी २४ किलोमीटरला नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, वर-खाली आपटायला लागली. लाट नव्हती, पाणी काचेसारखं होतं. तरीही एका ठरलेल्या तालात नाळ उचलली जायची, पडायची, पुन्हा उचलली जायची, आणि प्रत्येक वेळी जरा जास्तच. भाची पुढच्या बाकावर दोन्ही हातांनी कडा धरून बसली होती. वेग कमी करून मी उजवीकडे वळायला गेलो तर मोटर एकदम किंचाळली, फेरे वाढले, पण बोट पुढे जाईना. प्रोपेलरची पाण्यावरची पकड सुटली होती. आणि सरळ रेषेत जातानाही हॅण्डल सारखं माझ्या हातातून डावीकडे, माझ्यापासून दूर ओढलं जात होतं. हात ढिला सोडला की बोट उजवीकडे वळायची.

म्हणजे एकाच सकाळी तीन दुखणी समोर आली. ती तिन्ही आधीपासून होतीच, पंखांनी ती झाकून ठेवली होती.

हायड्रोफॉइल वाईट असतं असं मला म्हणायचं नाही. जड बोटीला कमी ताकदीच्या मोटरने वर काढायला त्याचा खरा उपयोग होतो. ते बोटीचा मागचा भाग उचलतं, म्हणून नाळ खाली बसते. प्लेटची रुंदी वाढते, म्हणून वळताना वरची हवा प्रोपेलरपर्यंत सहज पोहोचत नाही. पण मूळ दोष तसाच राहतो आणि पाण्याचा रोध मात्र वाढतो. परत जाऊन तेच पंख नवीन बोल्टांनी बसवणं दहा मिनिटांचं काम होतं. भाची म्हणाली, "मामा, आता कळलंय ना तिला काहीतरी होतंय, मग आधी बघू या ना काय होतंय ते." पंख अजून गॅरेजमध्ये खिळ्याला टांगलेले आहेत.

त्या दिवसापासून मी एक वही केली. नियम एकच ठेवला: एका फेरीत एकच बदल. पेट्रोल किती, माणसं कुठे, मोटरचा झुकाव ठरवणारी पिन कितव्या भोकात, मोटरचे मिनिटाला फेरे किती, जीपीएसवर वेग किती, तोही जाताना आणि येताना दोन्ही बाजूंनी मोजून सरासरी काढलेला, कारण वारा आणि प्रवाह एका बाजूने फसवतात. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि बोट सुधारली तर कशामुळे सुधारली ते कळत नाही, आणि एक बदल उपकारक व दुसरा घातक असला तर दोघं एकमेकांना झाकतात. हे मी तीन वेळा मोडलं आणि तिन्ही वेळा ती फेरी वहीत खोडून पुन्हा करावी लागली.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. अशा चाचण्या घेताना दोघांच्या अंगावर लाइफ जॅकेट आणि माझ्या मनगटाला मोटर बंद करणारी लाल दोरी, याशिवाय मोटर सुरूच करायची नाही. हॅण्डलच्या बोटीतून चालवणारा बाहेर फेकला गेला तर बोट गोल फिरत परत त्याच्याच अंगावर येऊ शकते. दोरी असली की मोटर जागच्या जागी बंद पडते.

आता नाळेच्या उड्या. इंग्रजीत याला पॉर्पॉइझिंग म्हणतात. पॉर्पॉइज हा डॉल्फिनचा भाऊबंद पाण्यातून जसा उसळ्या मारत जातो, तशी ही चाल. का होतं हे मला समजायला वेळ लागला, पण समजलं तेव्हा बाकीचं बरंच सोपं झालं. हळू चालणारी बोट पाणी बाजूला सारत, स्वतःच्याच लाटेच्या खळग्यात बसून जाते. त्या वेगाला मर्यादा आहे. पाण्यातल्या लांबीचं मीटरमधलं वर्गमूळ काढून साडेचारने गुणलं की ताशी किलोमीटरमध्ये ती साधारण मिळते. आमच्या बोटीची पाण्यातली लांबी चार मीटर धरली तर ताशी नऊ. त्यापुढे जायचं तर बोटीला त्या लाटेवर चढून पाण्यावरून घसरत जावं लागतं. घसरायला लागली की तळाचा फक्त मागचा थोडा भाग ओला राहतो आणि बोटीला उचलून धरणारा जोर त्या भागातून येतो. वजन जर फार मागे असेल तर नाळ वर जाते, ओला भाग आणखी आखूड होतो, तेवढ्याशा भागाला वजन पेलत नाही, बोट खाली बसते, नाळ पडते, ओला भाग लांबतो, जोर वाढतो, नाळ पुन्हा वर. हा झोका स्वतःलाच ढकलत राहतो. तो बाहेरच्या लाटेमुळे येत नाही, म्हणूनच शांत पाण्यात तो सर्वांत स्पष्ट दिसतो.

त्यावर पहिला उपाय म्हणजे ट्रिम, म्हणजे मोटरचा झुकाव बदलणं. मोठ्या मोटरला त्याचं बटण असतं. आमच्या मोटरच्या कंसाला पाच भोकं आणि एक आडवी पिन आहे. पिन जितकी आतल्या, म्हणजे बोटीजवळच्या भोकात, तितका मोटरचा पाय बोटीकडे झुकतो आणि नाळ खाली दाबली जाते. बाहेरच्या भोकात घातली की नाळ वर. आमची पिन तिसऱ्या भोकात होती. मी ती सरळ पहिल्या भोकात घातली आणि उड्या पूर्ण बंद झाल्या. अर्धा तास मला वाटलं की काम झालं.

मग एका मोठ्या बोटीची लाट मागून आली. तिच्या उतारावर आमचा वेग थोडा वाढला, नाळ पाण्यात घुसली आणि बोट एका झटक्यात डावीकडे वळली. मी हॅण्डल हलवलंही नव्हतं. नाळ खोल गेली की ती पुढचं सुकाणू बनते आणि मागची मोटर नुसती ढकलत राहते, तेव्हा बोट कुठे वळायचं ते नाळ ठरवते. मी थ्रॉटल सोडला. भाची बाकावरून सरकून कडेला आपटली, दंडाला खरचटलं. ती काही बोलली नाही, मीही नाही. किनाऱ्याला येईपर्यंत आम्ही चालण्याच्या वेगानेच आलो. पिन पहिल्या भोकात घालून उड्या थांबवणं हा उपाय नाही, हे मी त्या दिवशी वहीत मोठ्या अक्षरांत लिहिलं. पिन दुसऱ्या भोकात गेली आणि उड्या, कमी झाल्या तरी, परत आल्या.

मग वजन. मागच्या बाकावर मी, ८१ किलो. माझ्या पायाशी २५ लिटरची भरलेली टाकी. पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं, लिटरला पाऊण किलोच्या आसपास, तरी टाकीसकट २२ किलो झाले. मागच्या कोपऱ्यात बॅटरी, १४ किलो. आणि सगळ्यांच्या मागे, बोटीच्या मागच्या उभ्या फळीवर मोटर. बोटीचं सारं जड सामान मागच्या एक मीटरमध्ये गोळा झालं होतं. भाची मधल्या बाकावरून पुढच्या बाकावर गेली की उड्यांचा वेग बदलतो, हे तिनेच सांगितलं होतं. आम्ही लांब नळी घेऊन टाकी मधल्या बाकाखाली नेली, पट्ट्याने बांधली, आणि बॅटरी नाळेजवळच्या कप्प्यात. बॅटरीची तार वाढवताना जाडही घ्यावी लागते, नाहीतर लांबीत व्होल्टेज पडतं. हॅण्डलला लांबवणी जोडली, तिने मी ४० सेंटिमीटर पुढे बसू शकलो. आता एकटा असताना उड्या ताशी २४ ऐवजी २७ ला सुरू व्हायच्या. सुधारणा होती, पण एवढं सामान हलवूनही एवढीच का, ते कळेना.

इथे मी तळावर संशय घेतला. बोट ट्रेलरवर चुकीच्या आधारावर वर्षानुवर्षं उभी राहिली की मागचा तळ वाकतो. तळ आत खचला, म्हणजे मागच्या कडेला खालच्या अंगाला हूक तयार झाला, तर नाळ खाली दाबली जाते आणि वेग मरतो. उलट मागचा तळ बाहेर फुगलेला, झुलत्या खुर्चीच्या पायासारखा असला, तर नाळ उचलली जाते आणि उड्या सुरू होतात. दोन मीटरची ॲल्युमिनियमची सरळ पट्टी घेऊन मी बोटीखाली झोपलो आणि मागच्या फळीपासून पुढे दीड मीटर, तळाच्या मधल्या कण्याच्या दोन्ही बाजूंना, चार-चार ठिकाणी पट्टी लावून टॉर्चच्या उजेडात फट बघितली. कुठेही दोन मिलिमीटरच्या वर फट नव्हती. तळ सरळ होता. ही माहिती मला फार मोलाची वाटली, कारण तळ वाकडा निघाला असता तर तो घासून-भरून सरळ करण्याचं काम फार मोठं होतं, आणि आता तो संशय कायमचा संपला.

त्याच वेळी, खाली झोपलेलो असताना, मागच्या बाकाखालच्या सांध्यातून एक थेंब माझ्या गालावर पडला. बोट पाण्याबाहेर येऊन नऊ दिवस झाले होते.

तो थेंब कुठून आला याच्या मागे लागलो. मोटर उतरवली, सामान काढलं, आणि बोट ट्रेलरसकट वजनकाट्यावर नेली. मग ट्रेलर रिकामा नेऊन पुन्हा. बनवणाऱ्याच्या पाटीवर नुसत्या बोटीचं वजन १६५ किलो लिहिलेलं आहे. काट्यावर ते १९८ भरलं. तेहतीस किलो जास्त. मागच्या बाकाच्या बंद पेटीत बोट बुडू नये म्हणून फेस (फोम) भरलेला असतो. बाकाचे कंस बसवताना कोणीतरी पेटीच्या माथ्यातून स्क्रू मारले होते आणि ती भोकं बुजवली नव्हती. तिथून वर्षानुवर्षं पाणी झिरपलं. पेटीचं निचऱ्याचं भोक मात्र चिखलाने घट्ट बंद होतं.

पेटीचा माथा कापून उघडला. वरचा फेस कोरडा आणि पिवळा. हात खाली घालत गेलो तसा तो काळपट, जड, पिळला की पाणी सुटेल असा. मुळात फेसाच्या पेशी बंद असतात आणि पाणी घेत नाहीत असं म्हणतात, पण वर्षानुवर्षं पाण्यात बसून, हिसके खाऊन त्या फुटतात. आम्ही तो खरवडून बादल्यांत भरला आणि प्रत्येक बादली वजन करून वहीत लिहिली. २९ किलो ओला फेस निघाला. उरलेलं पाणी तळाशी होतंच. हे सारं वजन अगदी मागे, मोटरच्या पुढ्यात, आणि टाकी-बॅटरीसारखं हलवता न येणारं. शिवाय पेटीत जे मोकळं पाणी होतं ते बोट झुकेल तिकडे धावत असणार, आणि नाळ वर गेली की मागे. झोक्याला हातभार लावायला याहून चांगली जागा नाही.

पेटी दोन आठवडे पंख्याखाली सुकवली. इथे एक मोह होतो, तो टाळावा: पेटी तशीच रिकामी ठेवली तर बोट आणखी हलकी होईल. पण तो फेस तिथे जीव वाचवायला असतो. एक लिटर फेस पाण्याखाली गेला की एक किलोच्या थोडा कमी भार उचलतो. आमच्या पेटीतला फेस बोट पालथी झाली तरी मोटरसकट मागची बाजू तरंगत ठेवायला होता. आम्ही पॉलिइथिलिनच्या बंद पेशींच्या फेसाचे ठोकळे कापून घट्ट बसवले, निचऱ्याकडे पाणी वाहील अशी खाली जागा सोडली, माथा पुन्हा फायबरने जोडला, आणि प्रत्येक स्क्रूचं भोक इपॉक्सीने भरून मगच नव्याने पाडलं. त्या निमित्ताने मागची फळीही हातोडीच्या दांड्याने ठोकून बघितली. आत प्लायवूड असतं. कोरडं असेल तर आवाज खणखणीत येतो, कुजलं असेल तर बद्द. सुदैवाने सगळीकडे खणखणीत.

परत पाण्यात गेलो तेव्हा पिन दुसऱ्या भोकात, पेट्रोल अर्धं, आम्ही दोघं. ताशी २४ ला काहीच झालं नाही. २७ ला काहीच नाही. भाची नाळेकडे बघत बसली होती, ती मागे वळून म्हणाली, "मामा, गप्प झाली ती." त्या क्षणाचा आनंद मला अजून आठवतो.

आता वळणावर पकड सुटण्याचं दुखणं. यात आधी दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात, कारण मोटरवाले सगळे त्या एकाच नावाने ओळखतात. प्रोपेलरच्या वरच्या प्लेटला सर्रास कॅव्हिटेशन प्लेट म्हटलं जातं, पण तिचं काम वरची हवा खाली ओढली जाऊ न देणं, एवढंच. हवा किंवा मोटरचा धूर प्रोपेलरमध्ये शिरला की ते व्हेंटिलेशन. कॅव्हिटेशन वेगळं: पात्याच्या पाठीवर दाब इतका पडतो की गार पाणीच उकळून वाफेचे बुडबुडे होतात, आणि ते फुटताना धातूवर बारीक खड्डे पाडतात. १८९४ साली पाण्यात उतरलेली टर्बिनिया ही चार्ल्स पार्सन्स या इंजिनिअरची वाफेच्या टर्बाइनची बोट यावरच अडली होती. ताकद भरपूर, पण एकच प्रोपेलर इतक्या जोराने फिरायचा की भोवती पाण्याऐवजी पोकळीच राहायची, आणि वेग वीस नॉटच्या (ताशी सुमारे ३७ किलोमीटरच्या) आतच. पार्सन्सने काचेच्या खिडकीची टाकी करून तो प्रकार डोळ्यांनी पाहिला, मग तीन दांड्यांवर नऊ प्रोपेलर लावले, आणि १८९७ पर्यंत ती चौतीस नॉटवर गेली. आमच्या प्रोपेलरच्या पात्यांवर खड्डे नव्हते. वळताना आरडाओरडा होणं आणि थ्रॉटल सोडला की लगेच पकड परत येणं, ही हवेची खूण.

हवा कुठून येते हे बघायला मोटरची उंची मोजली. बोटीच्या तळाची रेघ मागे वाढवली तर ती प्लेटच्या किती खाली येते, हे सरळ पट्टी धरून कळतं. साधारण नियम असा की प्लेट तळाच्या पातळीला असावी, किंवा फार तर २५ मिलिमीटर वर. आमची ४३ मिलिमीटर वर होती. मोटर शॉर्ट शाफ्टची, म्हणजे आखूड पायाची, फळी ३८ सेंटिमीटरची, म्हणजे जोडी बरोबर होती. पण फळीच्या माथ्यावर २५ मिलिमीटर जाडीची लाकडी पट्टी ठोकून तिच्यावर मोटर अडकवलेली होती. बहुधा उथळ पाण्यात प्रोपेलर घासू नये म्हणून. पट्टी काढली, प्लेट १८ मिलिमीटरवर आली. जुन्या बोल्टांची भोकं इपॉक्सीने बुजवून नवीन पाडली आणि आतून सीलंट भरलं, कारण तिथून पाणी गेलं तर आज खणखणीत वाजणारी फळी काही वर्षांत बद्द वाजेल. दोन्ही क्लॅम्प हाताने आवळून भागत नाही, बोल्ट हवेतच. आणि मोटर वर-खाली केली की बाजूने बाहेर पडणारी थंड पाण्याची धार आधीसारखी आहे ना, हे पहिल्या मिनिटाला बघायचं.

डावीकडची वळणं एकदम सुधारली. उजवीकडे मात्र अजून किंकाळी. दोन दिवस मी पिन, वजन, प्रोपेलर सगळं पुन्हा तपासलं. मग भाचीने फोन एका काठीला बांधून मागच्या फळीवरून खाली धरला आणि वळणाचा व्हिडिओ घेतला. चित्र इतकं स्वच्छ होतं की दोघांनीही एकदमच बोट ठेवलं. पाण्याची खोली मोजणाऱ्या यंत्राचा सेन्सर फळीच्या खालच्या कडेला, मधोमध रेषेपासून फक्त १२ सेंटिमीटर उजवीकडे लावलेला होता. त्याच्यामागे पांढऱ्या फेसाची एक शेपटी निघत होती. सरळ जाताना ती प्रोपेलरच्या बाजूने निघून जायची. उजवीकडे वळताना मोटरचा पाय उजवीकडे फिरायचा आणि ती शेपटी थेट पात्यांत शिरायची. सेन्सर ३५ सेंटिमीटर बाहेर नेला, जुनी भोकं बुजवली, आणि किंकाळी गेली. तळाला प्रोपेलरच्या पुढ्यात काहीही असलं, जाड कणा, शेवाळाचा गोळा, वाकलेली पट्टी, तरी असंच होतं. दोष वळणावर दिसला तरी मूळ पुढे, तळावर असू शकतं.

हॅण्डल ओढण्याचा प्रश्न सर्वांत लवकर सुटला. मागून पाहिलं तर आमचा प्रोपेलर घड्याळाच्या दिशेने फिरतो. वरची पाती पृष्ठभागाजवळच्या फेसाळ पाण्यात, त्यांना धर कमी. खालच्या पात्यांना घट्ट पाणी. खालचं पातं उजवीकडून डावीकडे जातं, पाणी डावीकडे ढकलतं, आणि मोटरचा पाय उजवीकडे रेटला जातो. पाय उजवीकडे गेला की बोट उजवीकडे वळते. यासाठीच प्लेटखाली माशाच्या पराएवढा एक तुकडा असतो, त्याची मागची कड फिरवता येते. बोट उजवीकडे ओढत असेल तर कड उजवीकडे, डावीकडे ओढत असेल तर डावीकडे. ऐकायला उलटं वाटतं, पण वाहतं पाणी त्या कडेवर आदळून पायाला विरुद्ध बाजूला ढकलतं. आमचा तुकडा कोणीतरी अगदी सरळ बसवला होता. बोल्ट सैल करून थोडा फिरवला, फेरी मारली, आणखी थोडा. तिसऱ्या फेरीला ताशी २५ ला हॅण्डल दोन बोटांत राहिलं. हा तुकडा बऱ्याचदा ॲनोडही असतो, म्हणजे मोटरच्या पायाऐवजी स्वतः गंजावा म्हणून लावलेला धातू, त्याला रंग लावू नये. लावला तर तो गंज मोटरचा पाय खातो. मोटर ज्या नळीत फिरते तिच्यात ग्रीसही भरलं. ते वाळल्यामुळे हॅण्डल अडखळत होतं, आणि अडखळणं व ओढणं हातात एकसारखंच लागतं.

प्रोपेलर मी मुद्दाम शेवटी ठेवला. वजन आणि उंची बदलत असताना प्रोपेलर निवडणं म्हणजे अंगाचं माप घ्यायच्या आत कपडा कापणं. आमच्या मोटरला पूर्ण थ्रॉटलवर मिनिटाला ५००० ते ६००० फेरे मिळायला हवेत असं तिच्या पुस्तिकेत आहे. पंख काढले त्या दिवशी ते ४९०० होते, वेग ताशी २७. प्रोपेलर १० इंच पिचचा, म्हणजे घट्ट पदार्थात स्क्रूसारखा फिरला तर एका फेऱ्यात १० इंच पुढे जाईल. मोटरच्या गिअरचं प्रमाण २.०८. म्हणजे प्रोपेलर मिनिटाला २३५६ वेळा फिरतो आणि न घसरता गेला तर वेग ताशी ३५.९ हवा. मिळत होता २७. जवळजवळ पाव भाग घसरण्यात जात होता. सगळी दुरुस्ती झाल्यावर तोच प्रोपेलर ५२०० फेरे आणि ताशी ३१.५ देत होता, घसरण १७ टक्के. प्रोपेलर न बदलता ताशी साडेचार किलोमीटर.

तरी दोघं आणि भरलेली टाकी असताना बोट वर यायला वेळ लागायचा, म्हणून ९ इंच पिचचा प्रोपेलर आणला. पिच एक इंचाने कमी केली की १५० ते २०० फेरे वाढतात असा ढोबळ हिशोब सांगतात, पण तो मोठ्या पिचला लागू पडतो. २० मधला एक इंच विसावा भाग, १० मधला दहावा. आमचे ३०० वाढले: ५५०० फेरे, ताशी ३०.५. वरचा वेग एक किलोमीटरने गेला आणि बोट उचलली जायचा वेळ डोळ्यांना कळेल इतका कमी झाला. मी हा सौदा पुन्हा करीन. जुना प्रोपेलर सुटा भाग म्हणून बोटीतच आहे. त्याच्या आतल्या, दांड्याला धरून ठेवणाऱ्या रबरी बुशवर आणि बाहेरच्या नळकांड्यावर मिळून एक पांढरी रेघ मारून ठेवली आहे. बुश आत फिरला तर रेघ तुटलेली दिसते. फेरे वाढतात आणि वेग वाढत नाही, याला हवेखेरीज हेही कारण असू शकतं.

गेल्या आठवड्यात भाचीने पहिल्यांदा पूर्ण वेळ हॅण्डल धरलं. ती ५२ किलोची, मी पुढच्या बाकावर. निघाल्यावर बोट जड वाटली, नाळ पाणी कापत तुषार उडवत होती, आणि वळताना ती किंचित पुढे खुपसत होती. मी काही सांगायच्या आत तिने थ्रॉटल पूर्ण सोडला, मोटर बंद केली, दोरी मनगटावरून काढून हॅण्डलला अडकवली, आणि मागे वाकून पिन दुसऱ्या भोकातून काढून तिसऱ्या भोकात घातली. मग वही मागितली. आपलं वजन मागे आणि माझं पुढे, असं नाव-आकड्यांसकट लिहून तिने पान माझ्याकडे परत दिलं, दोरी पुन्हा मनगटाला बांधली आणि मोटर सुरू केली.